बसायची जागा आधी, इंच नंतर: टीव्ही किती अंतरावरून बघावा

टीव्ही घ्यायचा ठरला की पहिला प्रश्न असतो "किती इंची घ्यायचा?" आणि दुसरा "कितीला पडतो?". कोल्हापुरात राजारामपुरीत किंवा शाहूपुरीत दोन-तीन दुकानं फिरून होतात, ५५ इंची टीव्ही ठरतो, टेम्पोतून घरी येतो आणि भिंतीवर चढतो. मग आठवडाभरात तक्रारी सुरू होतात. आजोबांना खालची बातम्यांची पट्टी वाचता येत नाही, कुणाची मान दुखते, आणि क्रिकेट फुटल्यासारखं दिसतं. यातल्या बहुतेक तक्रारींत टीव्हीचा दोष नसतो. डोळा आणि पडदा यांच्यातलं अंतर चुकलेलं असतं, नाहीतर उंची.

दुकानातला अंदाज घरी चालत नाही, हे पक्कं लक्षात ठेवा. दुकानाचं छत उंच, शेजारी ७५ आणि ८५ इंची पडदे लावलेले, आणि आपण उभे राहून बघतो. तिथे ५५ इंची टीव्ही मध्यम वाटतो. तोच मंगळवार पेठेतल्या दहा फुटी सोप्यात, म्हणजे पुढच्या खोलीत, आला की अर्धी भिंत व्यापतो. म्हणून काम उलट्या क्रमाने करायचं. बसायची जागा ठरवायची, अंतर मोजायचं, घरात काय बघितलं जातं ते बघायचं, आणि मग इंच काढून दुकानात जायचं.

टेप घेऊन मोजायला बसा

"आमचा हॉल दहा बाय बारा आहे" हे माप इथे उपयोगाचं नाही. भिंत ते भिंत अंतर आणि डोळा ते पडदा अंतर यांत दोन-अडीच फुटांचा फरक पडतो, आणि सगळं गणित तिथेच चुकतं.

घरातली माणसं जिथे खरोखर बसतात, तिथे एकाला बसवा. ताठ नको, रोज संध्याकाळी बसतात तसं, पाठ टेकून. सोफा भिंतीला लावलेला असला तरी सोफ्याची पाठ, उशी आणि माणसाचं डोकं मिळून डोळा मागच्या भिंतीपासून साधारण ६० सेंटिमीटर पुढे येतो. समोर टीव्ही ब्रॅकेटवर असेल तर पडदा भिंतीपासून ८-१० सेंटिमीटर पुढे असतो. टेबलावर किंवा शोकेसमध्ये असेल तर २० ते ३० सेंटिमीटर. दहा फूट म्हणजे ३०५ सेंटिमीटर. त्यातून मागचे ६० आणि पुढचे १० वजा केले की २३५ उरतात. दहा फुटांच्या खोलीत तुम्ही टीव्ही पावणेआठ फुटांवरून बघता, दहावरून नाही.

टेपचं एक टोक गालाच्या हाडापाशी धरा आणि दुसरं पडदा येणार त्या जागी. जमिनीवर जाजम किंवा सतरंजी टाकून बसणारं घर असेल तर ती जागाही वेगळी मोजा. खाली बसणारी माणसं बहुतेक वेळा सोफ्याच्या पुढे बसतात, म्हणजे ती आणखी ७०-८० सेंटिमीटर जवळ येतात. दोन्ही आकडे लिहून ठेवा. ज्या जागेवर जास्त माणसं जास्त वेळ बसतात, ती मुख्य धरायची.

इंच गुणिले चार

आता लक्षात ठेवायला सोपं सूत्र. टीव्हीच्या इंचांना ४ ने गुणा, येईल ते अंतर सेंटिमीटरमध्ये. ४३ इंचीला १७२ सेंटिमीटर, ५० ला २००, ५५ ला २२०, ६५ ला २६०, ७५ ला ३०० सेंटिमीटर. उलट करायचं असेल तर मोजलेल्या सेंटिमीटरला ४ ने भागा. वरच्या उदाहरणातले २३५ भागिले ४ म्हणजे जवळजवळ ५९. त्याच्या खालचं बाजारात मिळणारं माप ५५ इंच. झालं.

हा चारचा आकडा कुठून आला? टीव्हीचे इंच म्हणजे पडद्याची तिरकी लांबी, एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत. आजच्या सगळ्या टीव्हींचा आकार १६:९ असतो, त्यामुळे रुंदी तिरक्या मापाच्या ८७ टक्के आणि उंची ४९ टक्के येते. ५५ इंची पडदा म्हणजे जवळपास १२२ सेंटिमीटर रुंद आणि साडेअडुसष्ट सेंटिमीटर उंच. इंचाच्या चौपट सेंटिमीटरवर बसलं की हा पडदा डोळ्यासमोर सुमारे ३० अंशांत मावतो. चित्र पुरेसं मोठं दिसतं, आणि एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात बघायला मान हलवावी लागत नाही.

दुसरं कारण ठिपक्यांचं, म्हणजे चित्र ज्यांनी बनतं त्या पिक्सेलचं. चांगल्या नजरेच्या माणसाला एका अंशाच्या साठाव्या भागापर्यंतचा बारकावा वेगळा दिसतो, त्याहून लहान असेल ते एकमेकांत मिसळतं. ५५ इंची फुल एचडी पडद्यावर एका ओळीत १९२० ठिपके असतात, म्हणजे एक ठिपका ०.६३ मिलिमीटरचा. तो २१८ सेंटिमीटरवरून वेगळा दिसायचा थांबतो. म्हणजे पडदा भरून दिसण्याचं अंतर आणि ठिपके मिटण्याचं अंतर दोन्ही जवळजवळ एकच येतं. हा योगायोग नाही. एचडीचं तंत्रच पडद्याच्या उंचीच्या तिप्पट अंतरावरून बघायचं धरून आखलेलं आहे.

फोर-के पडद्यावर ठिपका निम्मा होतो, त्यामुळे ठिपके दिसायची भीती नाही. चित्रही खऱ्या फोर-केचं असेल तर इंचाच्या तिपटीपर्यंत पुढे यायला हरकत नाही, म्हणजे ५५ इंचीला १६५ सेंटिमीटर. तिथे दृश्य ४० अंशांपर्यंत पसरतं आणि थिएटरात मधल्या रांगेत बसल्यासारखं वाटतं. मात्र फुटबॉल किंवा क्रिकेट तिपटीवरून सलग बघू नका. कॅमेरा मैदानभर झरझर फिरतो, पडदा नजरेत इतका भरलेला असतो की काहींना गरगरतं. तिप्पट सिनेमासाठी, चौपट रोजच्यासाठी.

एक गोष्ट दुकानात सांगितली जात नाही. ४३ इंची फोर-के टीव्ही बारा फुटांवरून बघणाऱ्याला फोर-के आणि फुल एचडी यांतला बारकाव्याचा फरक डोळ्याला दिसूच शकत नाही. रंग आणि उजेड चांगले असले तर त्याचा फायदा मिळेल, पण ठिपक्यांसाठी जास्त पैसे मोजले असतील तर ते वाया गेले.

घरात नक्की काय बघितलं जातं?

सगळ्यात जास्त गल्लत इथे होते. टीव्ही फोर-के आहे म्हणून चित्र फोर-के होत नाही. डीडी फ्री डिशवरच्या बहुतेक वाहिन्या एसडी, म्हणजे जुन्या पद्धतीच्या कमी बारकाव्याच्या चित्राच्या, आहेत. केबल किंवा डिशच्या स्वस्त पॅकमध्येही बऱ्याच मराठी वाहिन्या एसडीच येतात. एसडी चित्रात ५७६ ओळी असतात, फुल एचडीत १०८०, फोर-केत २१६०. टीव्ही ते कमी ओळींचं चित्र ताणून मोठ्या पडद्यावर बसवतो, आणि जवळून बघितलं की चेहरे मेणाचे आणि अक्षरं दातेरी दिसतात.

एसडी चित्र स्वच्छ दिसायचं तर अंतर इंचाच्या सात-साडेसात पट सेंटिमीटर लागतं. ३२ इंचीला २२४, ४३ इंचीला ३०१, आणि ५५ इंचीला ३८५ सेंटिमीटर, म्हणजे साडेबारा फुटांहून जास्त. म्हणून दहा फुटी सोप्यात ५५ इंची टीव्हीवर दिवसभर एसडी मालिका लावल्या की घरचे म्हणतात, "जुना टीव्हीच बरा होता." त्यांचं खरं असतं.

मग तोडगा काय? घरातले दोन तृतीयांश तास एसडीत जात असतील आणि पॅक बदलायचा नसेल, तर भागाकार चारऐवजी पाचने करा. २३५ भागिले ५ म्हणजे ४७, तर ४३ इंची घ्या. एसडी थोडं मऊ दिसेल पण डोळ्याला खुपणार नाही, आणि मोबाइलवरून लावलेला सिनेमाही लहान वाटणार नाही. आमचं स्पष्ट मत असं, की मोठ्या टीव्हीवर खर्च करायचा असेल तर जोडीला रोजच्या चार-पाच वाहिन्यांचं एचडी पॅक घ्या. महिन्याला थोडे पैसे जास्त जातात, पण तेवढ्यासाठी मोठा पडदा फुकट घालवू नका.

३२ इंचीच्या बाबतीत डब्यावरचं वाचून घ्या. "एचडी रेडी" लिहिलेल्या ३२ इंची टीव्हीत बहुधा ७६८ ओळी असतात. त्याला चौपट नको, साडेपाचपट धरा, म्हणजे १७५ सेंटिमीटरच्या आसपास. बेडरूमला किंवा स्वयंपाकघराबाहेरच्या छोट्या खोलीला तो बरोबर बसतो.

आता वायरीचा घोळ. एचडी सेट-टॉप बॉक्स आहे, पॅक एचडी आहे, तरी चित्र धुरकट दिसतं, आणि घरचे समजतात की आपण फार जवळ बसलोय. बॉक्सच्या मागे बघा. पिवळी-लाल-पांढरी वायर लावलेली असेल तर एचडी चित्र टीव्हीपर्यंत पोचतच नाही, ती वायर एसडीच वाहून नेते. एचडीएमआय वायर लावा, टीव्हीच्या रिमोटवरून तो एचडीएमआय पोर्ट निवडा, आणि बॉक्सच्या सेटिंगमध्ये जाऊन रिझोल्यूशन १०८० वर ठेवा. पुष्कळ बॉक्स सुरुवातीला ५७६ किंवा ७२० वर सेट केलेले असतात. टीव्हीचं पिक्चर मोड "व्हिविड" वरून "स्टँडर्ड" किंवा "सिनेमा" वर आणा आणि शार्पनेस कमी करा. जवळून बघणाऱ्याला जास्तीच्या शार्पनेसमुळे प्रत्येक कडेला पांढरी रेघ दिसते. हे केल्याशिवाय सोफा हलवू नका.

जुन्या चित्रपटांचं गणित वेगळं आहे. प्रभात कंपनी १९२९ साली कोल्हापुरात उभी राहिली, त्या काळातल्या बोलपटांचं चित्र आजच्या टीव्हीसारखं आडवं पसरट नव्हतं, जवळजवळ ४:३ होतं. असं चित्र ५५ इंची पडद्यावर दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या सोडून मध्ये बसतं आणि प्रत्यक्षात ४५ इंचांचं होतं. बघायला मजा यायला हवी तर खुर्ची १८० सेंटिमीटरपर्यंत पुढे ओढा. झूम करून पट्ट्या घालवू नका, माणसांची डोकी कापली जातात. अलीकडच्या मोठ्या सिनेमांत याच्या उलट होतं. चित्र इतकं रुंद असतं की वर-खाली पट्ट्या येतात आणि उंची पाव भागाने घटते. तेव्हाही थोडं पुढे सरकलेलं बरं.

वर्तमानपत्राचा टीव्ही

पैसे मोजायच्या आधी ही चाचणी कराच. चार-पाच जुनी वर्तमानपत्रं चिकटपट्टीने जोडा आणि ठरवलेल्या टीव्हीच्या मापाचा कागद कापा. ४३ इंचीला ९५ बाय ५४ सेंटिमीटर, ५० ला १११ बाय ६२, ५५ ला १२२ बाय ६९, ६५ ला १४४ बाय ८१. कागद जिथे टीव्ही येणार तिथे भिंतीवर चिकटवा आणि दोन दिवस तसाच ठेवा. घरातल्या सगळ्यांना येता-जाता दिसू दे. दाराची फळी त्यावर आपटते का, देव्हारा किंवा घड्याळ हलवावं लागेल का, कॅलेंडर कुठे जाईल, हे सगळं दोन दिवसांत कळतं.

मग आपापल्या जागी बसून हात पूर्ण लांब करा, मूठ वळा आणि एक डोळा मिटा. लांब केलेल्या हातावरची मूठ डोळ्यासमोर साधारण १० अंश व्यापते. कागदाची रुंदी तीन मुठींत मावली तर अंतर बरोबर. चार मुठी लागल्या तर सिनेमाचं अंतर. दोनच मुठींत संपली तर टीव्ही लहान आहे किंवा तुम्ही लांब आहात. पाच मुठी लागत असतील तर ते माप त्या खोलीत आणू नका.

वाचनाची चाचणीही करा. अडीच मीटरवरून न ताणता वाचायचं तर पडद्यावरचं अक्षर सुमारे दीड सेंटिमीटर उंच हवं. आपल्या लिपीत मात्रा, वेलांटी आणि अनुस्वार अक्षराच्या डोक्यावर बसतात, ते हरवले तर "मत" आणि "मंत" सारखेच दिसतात. कागदावर दीड सेंटिमीटर उंचीच्या अक्षरांत एक ओळ लिहा आणि घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला वाचायला सांगा. अनुस्वार दिसला तर अंतर ठीक. दिसला नाही तर आधी चष्म्याचा नंबर तपासा, मग अंतर कमी करा.

उंची: मान कशामुळे दुखते

अंतराइतकीच उंची महत्त्वाची, आणि आपल्याकडे सर्रास चुकते ती हीच. सवय अशी की टीव्ही फोटोसारखा वर टांगायचा. मुलांचा हात पोचू नये, खाली शोकेस मावावी, लाइटचा पॉइंट वर आहे, अशी कारणं असतात.

प्रत्यक्ष मापात बघा. मांडी घालून जमिनीवर बसलेल्या मोठ्या माणसाचा डोळा फरशीपासून ७० ते ८० सेंटिमीटरवर असतो. सोफ्यावर रेलून बसलेल्याचा १०० ते ११०, दिवाणावर ताठ बसलेल्याचा ११५ च्या आसपास. आता ५५ इंची टीव्ही असा लावला की त्याचा मध्य १६५ सेंटिमीटरवर येतो, आणि समोर २२० सेंटिमीटरवर कोणी सतरंजीवर बसलं. डोळ्यापासून मध्य ९० सेंटिमीटर वर, म्हणजे नजर २२ अंश वर. वरची कड तर २९ अंशांवर जाते. इतकी मान वर करून तासाभराची मालिका बघितली की मानेच्या मागचा भाग आखडणारच. डोळेही जास्त उघडे राहतात, त्यामुळे लवकर कोरडे होतात.

नियम असा ठेवा: मुख्य जागेवर बसलेल्याचा डोळा पडद्याच्या मध्याच्या थोडा खाली किंवा बरोबरीला असावा, आणि कोणत्याही जागेवरून मध्य १५ अंशांपेक्षा वर जाऊ नये. २२० सेंटिमीटरवर १५ अंश म्हणजे ५९ सेंटिमीटर. काही लोक सोफ्यावर आणि काही खाली बसणारं घर असेल तर मध्य १०० ते १०५ सेंटिमीटरवर ठेवा, दोघांचंही भागतं. फक्त खाली बसणारं घर असेल तर ९० वर आणा. बघायला विचित्र वाटतं, उभं राहिल्यावर तर टीव्ही फारच खाली दिसतो. पण टीव्ही उभं राहून बघायचा नसतो.

दोन भागांचा चष्मा वापरणाऱ्यांची अडचण वेगळी. काचेचा खालचा भाग वाचण्यासाठी असतो. अशी व्यक्ती पाठ मागे टाकून रेलली की डोकं मागे जातं आणि नजर खालच्या भागातून जाते. मग टीव्ही कितीही चांगला असू दे, धूसरच दिसतो. त्यांच्यासाठी पाठीला उशी देऊन ताठ बसायची जागा करा, किंवा टीव्हीपुरता लांबच्या नंबरचा वेगळा चष्मा करून घ्या.

बेडरूममध्ये झोपून बघायचं असेल तर टीव्ही थोडा वर चालतो, पण ब्रॅकेट तिरका होणारा घ्या आणि वरची कड ५ ते १० अंश पुढे झुकवा.

बाजूला बसणारे आणि समोरचा उजेड

पडद्याच्या मध्यातून समोर जाणारी रेघ मनात धरा. तिच्यापासून दोन्ही बाजूंना ३० अंशांच्या आत बसणाऱ्यांना चित्र चांगलं दिसतं. २२० सेंटिमीटरवर ही हद्द दोन्ही बाजूंना सव्वा मीटरच्या आसपास येते. एल आकाराचा सोफा असेल तर आडव्या भागावरचा माणूस हमखास हद्दीबाहेर जातो. अशा घरात पॅनेल, म्हणजे टीव्हीचा चित्र दाखवणारा पडदा, कुठल्या प्रकारचं आहे ते विचारून घ्या. व्हीए पॅनेलचा काळा रंग समोरून गडद दिसतो, पण बाजूने फिका पडतो. आयपीएस पॅनेल बाजूनेही ठीक दिसतं. ओएलईडी दोन्हीकडून उत्तम, पण महाग. पर्याय म्हणजे पुढे ओढून वळवता येणारा ब्रॅकेट.

उजेडाचं थोडक्यात. टीव्ही खिडकीच्या किंवा बाहेरच्या दाराच्या बरोबर समोर लावू नका, पडद्यावर अंगणच दिसतं. जुन्या पेठांतल्या घरांत उजेड बहुधा पुढच्या दारातूनच येतो, तेव्हा टीव्ही आडव्या भिंतीवर घ्या. आणि रात्री अंधार करून बघू नका. टीव्हीच्या मागे छोटा मंद दिवा ठेवला की डोळे शिणत नाहीत.

भिंत आणि ब्रॅकेट

अंतर-उंची ठरली, तरी भिंत तयार आहे का ते बघायला लागतं. शिवाजी पेठ, मंगळवार पेठ भागातल्या जुन्या घरांच्या भिंती मातीच्या गिलाव्याच्या, दीड-दोन फूट जाडीच्या असतात. त्यात आठ-दहा मिलिमीटरचं भोक पाडून प्लग ठोकला तर तो आज धरतो आणि पावसाळ्यात सैल होतो. ५५ इंची टीव्ही १४ ते १८ किलोचा असतो. अशा भिंतीवर १९ मिलिमीटर जाडीचा प्लायवूड लाकडी चौकटीला किंवा तुळईला घट्ट बसवून त्यावर ब्रॅकेट लावा, नाहीतर सरळ मजबूत टेबल घ्या. टेबलाला कमीपणा नाही, आणि जमिनीवर बसणाऱ्यांना उंचीही बरोबर मिळते.

कळंबा, फुलेवाडी भागातल्या नव्या इमारतींत भिंती हलक्या ब्लॉकच्या असू शकतात. ड्रिल लोण्यासारखं आत गेलं आणि पांढरी भुकटी पडली तर साधा प्लग वापरू नका, त्या ब्लॉकसाठीचे वेगळे प्लग मिळतात. लाल विटेची भिंत असेल तर भोक विटेतच पाडा, दोन विटांमधल्या सांध्यात नको.

भोकाची उंची काढायची पद्धत अशी. ५५ इंचीचा मध्य १०५ वर हवा आहे. पडद्याची निम्मी उंची ३४ आणि कडेचं एक सेंटिमीटर वजा केलं की खालची कड ७० वर आली. आता टीव्ही गादीवर पालथा ठेवून खालच्या कडेपासून मागच्या वरच्या भोकांपर्यंत मोजा. समजा ४० आलं, तर ती भोकं भिंतीवर ११० वर येतील. ब्रॅकेटच्या हुकाचा फरक त्यात धरा आणि मग खूण करा. मागची भोकं टीव्हीच्या बरोबर मध्यावर असतातच असं नाही, पुष्कळ टीव्हींत ती खाली असतात. फिटरने अंदाजाने भोक पाडलं की टीव्ही दहा-पंधरा सेंटिमीटर वर जातो, तो यामुळेच. खुणा झाल्यावर लेव्हल लावून बघा, सुताचा फरकही समोर बसल्यावर डोळ्यात खुपतो.

कोल्हापूरच्या पावसात पश्चिमेच्या भिंतीला ओल धरते. अशा भिंतीवर टीव्ही लावायचाच असेल तर मागे किमान ५ सेंटिमीटर हवा खेळू दे. शोकेसच्या चौकटीत बसवत असाल तर दोन्ही बाजूंना ५ आणि वर १० सेंटिमीटर मोकळं सोडा. २०१९ आणि २०२१ च्या पुरात ज्या गल्ल्यांत पाणी आलं, तिथल्या घरांनी टीव्ही लाकडात कायमचा बंदिस्त करूच नये. दोन माणसांना दोन मिनिटांत उतरवून माडीवर नेता आला पाहिजे.

टीव्ही आधीच घेतलाय आणि अंतर जुळत नाही

टीव्ही मोठा झाला असेल तर आधी सोफा भिंतीला टेकवा, मग टीव्ही टेबलावरून ब्रॅकेटवर घ्या. एवढ्यात २५-३० सेंटिमीटर मिळतात, म्हणजे सात इंचांचा फरक भरून निघतो. तरी पुरत नसेल तर टीव्ही खोलीच्या लांब बाजूच्या टोकाला न्या.

ताराबाई पार्कातल्या बंगल्यांसारखा सोळा-अठरा फुटी हॉल असेल तर अडचण उलटी. सोफा मागच्या भिंतीला आणि टीव्ही पुढच्या भिंतीला, मधे साडेचार मीटर. चौपटीने ११० इंची टीव्ही लागेल. तो घ्यायची गरज नाही. सोफा भिंतीपासून सोडवून पुढे घ्या, मागे चालायला वाट ठेवा, ६५ इंचीला २६० ते ३०० सेंटिमीटरवर बसा. सोफा भिंतीलाच हवा, हा नियम कुठेही लिहिलेला नाही.

लहान मुलं पडद्याला नाक लावून बघतात तेव्हा "डोळे जातील" असं आपण ओरडतो. जवळून बघितल्याने डोळे जात नाहीत, थकतात. पण मूल जागेवर बसवूनही पुन्हा पुन्हा पुढे सरकत असेल, तर त्याला लांबचं कमी दिसत असण्याची शक्यता आहे. त्याला ओरडू नका, नेत्रतज्ज्ञाकडे नेऊन नंबर तपासा.

तालमीसमोरचा मोठा पडदा

फुटबॉलचा विश्वचषक आला की आपल्याकडे चौकाचौकात पडदे लागतात, आणि तिथेही हेच गणित चालतं. एलईडी वॉल भाड्याने घेताना पी-३, पी-४ असे आकडे सांगतात. तो आकडा म्हणजे दोन दिव्यांमधलं अंतर, मिलिमीटरमध्ये. जितके मिलिमीटर तितके मीटर ही पहिल्या रांगेची किमान मर्यादा धरा. पी-४ असेल तर चार मीटरच्या आत कोणाला बसवू नका, दिवेच दिसतील. चित्र अगदी एकसंध दिसायला त्याच्या सव्वातीन ते साडेतीनपट अंतर लागतं, म्हणजे पी-४ ला चौदा मीटरच्या जवळपास. गल्ली अरुंद असेल आणि माणसं जवळ बसणार असतील तर पी-३ मागा.

शेवटची रांग पडद्याच्या उंचीच्या सहापटीत बसवा. आठ फूट उंच वॉल असेल तर ४८ फूट. त्याच्या मागे उभ्या असलेल्यांना गोल कळेल, पण कोपऱ्यातला स्कोअर आणि मिनिटं वाचता येणार नाहीत. पडद्याची खालची कड बसलेल्या लोकांसाठी जमिनीपासून चार फुटांवर, आणि उभ्या गर्दीसाठी साडेसहा फुटांवर घ्या. नाहीतर मागच्यांना गोलपोस्टऐवजी पुढच्यांची डोकीच दिसतील.